ली दीर्घ

धानोऱ्याच्या ठाण्यातली निळी जीप पहिल्यांदा माझ्या पडवीसमोर उभी राहिली ती 1991 साली, पावसाळा सरता सरता. मागच्या फाळक्यावरची अक्षरं पार उडाली होती. मी पाणीपेपर मारला, सूत धरून खडूच्या दोन रेघा ओढल्या आणि पांढऱ्या एनॅमलनं सहा इंच उंचीचं ‘पोलिस’ लिहिलं. चालक खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी शाळेतले एक गुरुजी सायकल टेकवून उभे राहिले. म्हणाले, “पेंटरभाऊ, ‘ली’ दीर्घ पाहिजे. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीची वेलांटी लांब येते. ‘पोलिसांनी’ लिहाल तेव्हा मात्र ती आखूडच.” मी संध्याकाळी ठाण्यात जाऊन जीप परत मागितली. चालकाला त्यात काही चूक दिसत नव्हती, पण मला रात्रभर ती वेलांटी दिसत होती. त्या दिवसापासून पुढची तीस वर्षं मी हा शब्द किती वेळा लिहिला याचा हिशेब नाही, पण ऱ्हस्व एकदाही लिहिला नाही.

माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. हात चंद्रपूरच्या एका गॅरेजात उस्तादाजवळ तयार झाला. मी तिथं लागलो 1984 साली. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, तरी सरकारी खटाऱ्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव तसंच होतं. ते खरवडून नवं नाव घालायचं, हे उस्तादानं मला दिलेलं पहिलं स्वतंत्र काम. पुढं गाड्यांचे नंबर राज्याच्या अक्षरांनी सुरू होऊ लागले आणि आमच्या जिल्ह्याला एमएच-33 मिळालं. त्या वर्षांत पाट्या लिहूनच पोट भरलं. मग लग्न झालं, सासुरवाडी धानोऱ्याकडची, आणि मी गडचिरोली–मुरूमगाव रस्त्यावर, बसस्टँडपासून थोडं पुढं, टिनाची पडवी टाकून बसलो.

इथं आल्यावर एक गोष्ट कळली, जी चंद्रपुरात कळली नसती. तालुक्यातल्या पुष्कळ लोकांना तेव्हा वाचता येत नव्हतं आणि घरातली भाषा गोंडी. पण रस्त्यावरची गाडी ते माझ्यापेक्षा लवकर ओळखायचे. लाल म्हणजे एसटी. पांढरी आणि लाल खुणेची ती दवाखान्याची. हिरवी जीप जंगलखात्याची. ती दिसली की मोळीवाल्या बाया रस्ता सोडून आत शिरायच्या. निळी म्हणजे ठाण्याची. अक्षर त्यांच्या लेखी नक्षीच होतं, पण ती नक्षी कुठं असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा एका जीपवर मी पट्टा दाराच्या वरून ओढला, नेहमीसारखा मधून नाही. बाजारात एका म्हातारीनं विचारलं, “काहून जी, ही दुसऱ्या गावची गाडी होय का?” रंगकाम हे माझ्या हौसेसाठी नसतं, ते बघणाऱ्याच्या सवयीसाठी असतं, हे मला तिनं शिकवलं.

बाकीचं या रस्त्यांनी शिकवलं. त्या काळी मुरूमगावपलीकडं किंवा पेंढरी, गट्टा, ग्यारापत्ती या बाजूंना डांबर नावापुरतं होतं. तांबडा चिखल चाकापासून दारावर किती चढतो, याची मी गाड्यांवर खडूनं खूण करून ठेवायचो. जुलै-ऑगस्टमध्ये तो दाराच्या मुठीखाली चार बोटांपर्यंत येई. अक्षराची खालची कड त्याच्या वर राहिली पाहिजे. शहरातून रंगवून आलेल्या गाड्यांवर शब्द दाराच्या मधोमध असायचा. तो दिसायला देखणा, पण पहिल्या पावसात ‘पोलीस’चे खालचे पाय चिखलात आणि वर नुसती शिरोरेषा शिल्लक.

दुसरा धडा संध्याकाळचा. ठाण्याच्या फलकांना लाल आणि निळा हे दोन रंग असतात, म्हणून एका साहेबांनी गाडीवरची अक्षरंही लाल करून घेतली. दुपारी ती चांगली पेटल्यासारखी दिसायची. पण जंगलात सूर्य डोंगराआड गेला की लाल रंग सगळ्यांत आधी मरतो. पन्नास पावलांवरून ते अक्षर काळं दिसू लागलं. निळा मात्र उलट उजळल्यासारखा वाटायचा. मला वाटलं, माझ्या रंगातच खोट आहे. गुरुजींनी सांगितलं की खोट रंगात नाही, डोळ्यात आहे. बोहेमियातल्या पुर्किंये नावाच्या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे टिपून ठेवलंय. अंधारू लागलं की डोळ्याची जात बदलते, तांबड्याला आंधळी आणि निळ्याला जागी होते. मी साहेबांना पडवीत बोलावलं, दोन पत्रे रंगवून पळसाच्या झाडाला टांगले आणि दिवेलागणीपर्यंत थांबायला लावलं. ते थांबले. सकाळी अक्षरं पांढरी झाली.

हिरव्याबद्दलही एक सांगायला हवं. तेंदूपत्त्याच्या हंगामात एका ठेकेदाराला आपली जीप लष्करी हिरव्या रंगात हवी होती. जंगलात शोभेल, म्हणाला. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये 121 वा नियम आहे: तो ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कुणाला लावता येत नाही. मला तो नियम एका चालकानं सांगितला होता म्हणून मी नाही म्हटलं. पण नियम नसता तरी नाही म्हटलं असतं. त्या रंगाचे कपडे आमच्या जंगलात पोलीस आणि नक्षलवादी, दोन्ही बाजूंची माणसं घालत होती. त्यात तिसऱ्यानं आपली जीप कशाला न्यायची?

आता 2009 कडे येतो. टाळून चालणार नाही.

1 फेब्रुवारीला मरकेगावला नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात 15 पोलीस गेले. 21 मेला हत्तीगोट्याला 16, त्यांत 5 महिला पोलीस. दोन्ही जागा आमच्याच तालुक्यातल्या. 8 ऑक्टोबरला भामरागडकडं लाहेरीजवळ 17. गेलेल्यांपैकी काही पोरं माझ्या पडवीत बसून चहा प्यालेली होती. एकानं आपल्या मोटारसायकलच्या टाकीवर बहिणीचं नाव लिहून घेतलं होतं. गाव महिनोन्‌महिने हळू आवाजात बोलत होतं. गाडीनं जायचं नाही, पायी जायचं, वेगवेगळ्या वाटांनी जायचं, रस्ता आधी तपासायचा, अशी शिस्त पोलिसांत पूर्वीपासून होती. ती आणखी कडक झाली. ठाण्याच्या जीपवर आठ-आठ दिवस धूळ साचायची. आणि माझ्याकडं उलटं काम येऊ लागलं, अक्षरं काढण्याचं.

पहिला आला तो एक तरुण शिपाई, स्वतःची मोटारसायकल घेऊन. वर्षभरापूर्वी त्यानं हौसेनं मडगार्डवर ‘पोलीस’ लिहून मागितलं होतं. खाजगी गाडीवर हे लिहायचं नसतं, हे मला माहीत असूनही मी लिहून दिलं होतं. नवी नोकरी, नवी गाडी, चेहऱ्यावरचा आनंद बघून नाही म्हणवलं नाही. ती माझी चूक. आता तो म्हणाला, “काढून टाका जी. घरी जातो तर आई दारातच रडते.” मी वरून काळा हात मारला. दोन दिवसांनी तो परत आला. उन्हात गाडी तिरपी धरली आणि म्हणाला, “बघा.” रंगाखाली अक्षर जसंच्या तसं उभं होतं. एनॅमलचा थर कागदाएवढाच असतो, पण बाजूनं ऊन पडलं की त्याची कड सावली टाकते. वेलांटीसुद्धा दिसत होती, दीर्घ.

लिहिलेला शब्द रंगानं पुसला जात नाही. तो पत्र्यापर्यंत घासून काढावा लागतो, मग अस्तर, मग लांबी, मग पुन्हा पेपर, मग रंग. लिहायला वीस मिनिटं, काढायला अख्खा दिवस. त्या दिवशी मी मडगार्ड घासत होतो आणि तो पोरगा समोर दगडावर बसून होता. दोघंही बोललो नाही. हात भरून आला, तेव्हा त्यानं माझ्या हातातला पेपर घेतला आणि शेवटचा ‘स’ स्वतः घासला.

त्या काळात मला एक विचार शिवला, तो अजून गेलेला नाही. सुरुंग बहुतेक मोरीखाली पुरलेला असतो. तिथून तार झाडीत जाते आणि तारेच्या टोकाला माणूस बसलेला असतो. तो आपल्या हातानं जोड देतो. म्हणजे त्याला गाडी ओळखावी लागते, दुरून, धुळीतून, दोन-तीन सेकंदांत. मी इतकी वर्षं अक्षर दुरून वाचता यावं म्हणून मेहनत घेतली, चिखलाच्या वर ठेवलं, संध्याकाळी मावळणार नाही असा रंग निवडला. ते सगळं मी त्याच्यासाठीही केलं होतं. हे ध्यानात आल्यावर सहा-सात महिने मी ठाण्याच्या गाड्यांचं काम घेतलंच नाही. हाताला कंप आहे, असं सांगायचो. खरं सांगायचं तर त्यात भीतीही होती. एका आठवडी बाजारात अनोळखी माणसानं सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, “पेंटर, तू पोलिसांचीबी कामं करतस म्हणे?” खबऱ्या ठरवून मारलेल्या माणसांच्या बातम्या तेव्हा नेहमीच्या होत्या. मी म्हणालो, मी शाळेच्या भिंतीही रंगवतो. तो हसला आणि गेला. त्या रात्री मी पडवीत झोपलो नाही, आणि नंतरही बरेच दिवस नाही.

27 मार्च 2012 ला पुस्टोल्याजवळ सीआरपीएफच्या बसखाली स्फोट झाला, 12 जवान गेले. आवाज मी ऐकला नाही, पण नंतर रस्त्यावरून गेलेल्या गाड्यांचा वेग ऐकला. त्यानंतर मला वाटू लागलं, खूण नसलेलीच बरी. साधी पांढरी गाडी, कोरं दार. तालुक्यात सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

माझं मत बदललं ते एका काळीपिवळी चालवणाऱ्यामुळं. धानोऱ्याहून आडगावांना जाणाऱ्या लोकांची सगळी मदार अशा जीपगाड्यांवर. त्याला आपल्या गाडीच्या चारही बाजूंना मोठ्या अक्षरांत ‘प्रवासी वाहतूक’ लिहून हवं होतं, पुढं, मागं, दोन्ही दारांवर, आणि जमलं तर टपावरही. मी विचारलं, एवढं कशाला? तो म्हणाला, “भाऊ, पोलीस कोऱ्या गाडीत बसू लागले म्हणतात. तर मग कोरी गाडी कोणाची, हे झाडीतल्याला कसं समजन? माह्या गाडीत तर बाया-लेकरं बसतेत.” बाजूला त्याची बायको उभी होती. तिनं पैसे पदराच्या गाठीतून सोडून आधीच माझ्या हातात ठेवले, भाव न करता.

मी त्या गाडीवर दोन दिवस काम केलं आणि दोन्ही दिवस तेच डोक्यात फिरत होतं. इतके दिवस मी समजत होतो की दारावरचं अक्षर आतल्या माणसाबद्दल बोलतं. ते बाहेरच्यांबद्दलही बोलतं. एका गाडीवर ‘पोलीस’ लिहिलेलं असतं, म्हणून दुसरी गाडी नुसती गाडी राहू शकते. तेंदूवाल्याची, नवरदेवाची, बाळंतिणीला घेऊन निघालेली. ते अक्षर पुसलं की जोखीम नाहीशी होत नाही. ती रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांत वाटली जाते. गावोगाव फिरणाऱ्या लसीकरणाच्या जीपवर, निवडणुकीच्या पेट्या नेणाऱ्या मास्तरांवर, सगळ्यांवर. पोलिसांनी आपला जीव कसा वाचवायचा हे मी सांगणारा कोण? त्यांनी जे केलं ते माझ्या पोरानं केलं असतं तरी मी हेच म्हणालो असतो, काढ बाबा ते अक्षर. पण त्याची किंमत कोण भरतो, हे मला त्या गाठीतल्या पैशांनी दाखवलं.

1 मे 2019. महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री कुरखेड्याकडं दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती. तिकडं निघालेली शीघ्र कृती दलाची गाडी जांभुळखेड्याजवळ उडवली. 15 पोलीस आणि चालक. गाडी खाजगी होती. चालकही खाजगी. कोऱ्या दारानं कुणालाही वाचवलं नाही. जाळलेल्या गाड्यांना आणि उडवलेल्या गाडीला कारण एकच, रस्ता. डांबराखाली सुरुंग पुरणं कठीण जातं, म्हणून डांबर होऊ द्यायचं नाही. पेंटर असल्यामुळं मला रस्त्याच्या पृष्ठभागाचं महत्त्व कळतं. मऊ असेल तर काहीही लपवता येतं, माझ्या त्या मडगार्डसारखं नाही.

यानंतरचं मी भरभर सांगतो, कारण त्यात माझा हात कमी आहे. ब्रशचं काम संपत आलं होतं. गडचिरोलीला प्लॉटर आले, रेडियमची दुकानं निघाली. संगणकावर अक्षर टाकायचं, यंत्र कापतं, पाठीमागचा कागद सोलून चिकटवायचं. वेलांटी प्रत्येक वेळी सारखीच. सुरुवातीला मला त्याचा राग होता. नंबरपाट्याही एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच येऊ लागल्या. मग एका रात्री चातगावकडून येताना समोरच्या गाडीवर माझ्या मोटारसायकलचा झोत पडला आणि काळोखात तो शब्द दिव्यासारखा पेटला. रेडियमच्या पट्टीत काचेचे बारीक मणी असतात, ते उजेड आला तिकडंच परत फेकतात. एनॅमलला ते जन्मात जमणार नाही. मी ते काम शिकून घेतलं, पन्नाशी उलटल्यावर, माझ्या पुतण्याकडून.

त्याच पुतण्यानं मला फोनवर विलायतेतल्या पोलिसांच्या गाड्या दाखवल्या. निळे आणि पिवळे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे, गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. 1990 च्या दशकात तिथल्या पोलिसांच्या विज्ञान शाखेनं मुद्दाम ठरवून काढलेली ती रचना. दिवसा पिवळा पुढं येतो, संध्याकाळी निळा, आणि गाडी अर्धा किलोमीटरवरून ओळखता यावी हा हेतू. मी ते चित्र खूप वेळ बघत होतो. गुरुजी आता नाहीत. असते तर त्यांच्याकडं सायकलनं गेलो असतो. अर्ध्या किलोमीटरवरून दिसण्यासाठी एवढा विचार करणारी माणसं, आणि इथं आम्ही अर्ध्या किलोमीटरवरून दिसू नये म्हणून घासत बसलेलो. दोन्ही ठिकाणी काम रंगाचंच.

2021 मध्ये राज्यात तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक आला. जुन्या गाड्यांवरचा 100 काढून नवा लावायचं काम काही दिवस माझ्याकडं होतं. पांढऱ्या गाड्या, दारांवर पट्टे, बॉनेटवर मोठ्या अक्षरांत ‘पोलीस’. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या 13 तारखेला ग्यारापत्तीच्या बाजूला मर्दिनटोल्याच्या जंगलात 26 नक्षलवादी मारले गेले. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती आपल्या 60 साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. या गोष्टींचा अर्थ मोठ्या माणसांनी लावावा. मी एवढंच बघितलं की या काळात अक्षरं काढायला माझ्याकडं कुणी आलं नाही. ठाण्याच्या गाड्या भर बाजारातून जाऊ लागल्या. पोलीस दादालोरा खिडकीत, म्हणजे ठाण्यातल्या सरकारी योजनांच्या मदतखिडकीत, कागद करायला निघालेल्या बाया त्या गाडीला हात दाखवून पत्ता विचारताना दिसू लागल्या. एप्रिल 2025 मध्ये कटेझरीला स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी पोचली. छत्तीसगडच्या हद्दीवरचं ते गाव आमच्याच तालुक्यातलं. लाल म्हणजे एसटी, हे आता तिथल्या पोरांनाही कळेल.

गेल्या पावसाळ्यात ठाण्याची एक गाडी पडवीला लागली. चालक नवा, अगदी कोवळा. म्हणाला, “आजोबा, डाव्या दारावरचं अक्षर निघालं.” मी चष्मा लावून बघितलं. कुणी खरवडलेलं नव्हतं. दगड लागलेला नव्हता. ‘ली’ची वेलांटी दाराच्या मुठीजवळ येत होती आणि रोज दार उघडता-लावताना तिथं अंगठा घासत होता. रेडियमची कड सुटून वेलांटी अर्ध्यावर आली होती.

पुतण्या म्हणाला, नवी पट्टी कापू का? मी नको म्हटलं. डब्यातलं पांढरं एनॅमल उघडलं, वरची साय काठीनं बाजूला केली आणि चार नंबरचा ब्रश घेतला. चालकाला सांगितलं, तासभर दार उघडू नको. तो पडवीत चहा घेऊन बसला. मी वेलांटी ओढली, खालपर्यंत.